सोलमधील दोन दिवस

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसांनी ‘परदेशप्रवासातील अनुभव’ या विषयावर बोलण्याची आज्ञा मला केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी काही प्रवासी नव्हे. तीस वर्षे हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकविले. पंढरपूर, नाशिक आणि एकदा काशी एवढाच माझा भूगोल. शिवाय आता आपल्यापैकी घरटी एखादा मुलगा वा मुलगी परदेशी आहे, आणि त्यांच्याकडे राहून आलेल्यांची वर्णने या व्यासपीठावरून आपण दरवर्षी ऐकतो. परंतु चिटणीस ऐकेनात. तेव्हा टोकियोत मुलाकडे काढलेल्या दोन महिन्यांविषयी काही न बोलता, तेथून दोन दिवसांसाठी मी सपत्नीक कोरियाच्या राजधानीस, सोल शहरास, जाऊन आलो तेवढेच सांगावे असे मी ठरविले आहे.

ही २०१९ सालच्या एप्रिलमधील गोष्ट. शुक्रवारी सायंकाळी टोकियोहून निघावे आणि रविवारी रात्री परतावे अशी तिकिटे मुलाने काढून दिली. विमानाचा प्रवास अडीच तासांचा. किमपो विमानतळावरून आगगाडीने वीस-बावीस मिनिटांत आपण शहराच्या मध्यभागी येतो. शिक्षकाच्या जन्मजात सवयीनुसार मी दोन्ही दिवसांचे तासवार वेळापत्रक आखले होते. शनिवारी राजवाडा आणि बाजार, रविवारी राजघराण्याचे पितृमंदिर आणि दुसरा राजवाडा. हे वेळापत्रक सौ.ला दाखविले तेव्हा तिने ते वाचून घडी घालून परत दिले, आणि मी तिचे मौन संमती समजलो.

शनिवारी सकाळी ग्वांगह्वामुन या भव्य वेशीसमोरच्या चौकात आलो. तेथे सेजोंग राजाचा आसनस्थ पुतळा आहे. आता मला थोडे विषयांतर करू द्या, कारण या राजाने माझ्यासारख्या मास्तराला जेवढे वेड लावले तेवढे कोणत्याही राजवाड्याने लावले नाही. कोरियन लोक पूर्वी चिनी चित्रलिपीत लिहीत. सहस्रावधी अक्षरे घोकण्यास सवड असलेल्या वर्गालाच विद्या साध्य होती. गरीब प्रजाजनाला आपली तक्रारसुद्धा लिहून मांडता येत नसे. सेजोंगने १४४३ साली नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली ती प्रजेस दिली. मूळची अठ्ठावीस अक्षरे, आज वापरात चोवीस. आणि त्यांची आकृती कशी, तर उच्चाराच्या वेळी मुखाची जी ठेवण होते तिची! ‘क’साठी कंठाशी उचललेली जीभ, ‘न’साठी वरच्या हिरड्यांना टेकलेली जीभ, ‘म’साठी मिटलेल्या मुखाचा चौकोन. व्यंजनांचे पाच वर्ग पाहून मला आपले कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य आठवले. दोन-तीन अक्षरांची मोट बांधून एकेक चौकोनी अवयव होतो, म्हणून ती लिपी दुरून चिनीसारखी दिसते. पण जवळ जाऊन पाहिले तर आपल्या बाराखडीची चुलत बहीण वाटते. दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबर हा या लिपीचा दिवस म्हणून पाळतात. लिपीचा वाढदिवस साजरा करणारे लोक मला तरी दुसरे ठाऊक नाहीत.

मी पुतळ्यापाशी उभा राहून दुकानांच्या पाट्या अक्षर लावून वाचू लागलो. अर्धा तास गेला. शेवटी सौ. म्हणाली, “अहो, चला आता. परीक्षा नाही कुणाची इथे.”

राजवाड्याविषयी थोडक्यात सांगतो. ग्योंगबोकगुंग हा वाडा १३९५ सालचा. १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला, पावणेतीनशे वर्षे भग्न राहिला, १८६७ मध्ये पुन्हा उभारला गेला. पुढे जपानी अमलात त्याच्या बहुतेक इमारती पाडण्यात आल्या आणि १९२६ मध्ये अगदी समोर, वाडा झाकला जाईल अशी, जपानी शासनाची दगडी कचेरी बांधण्यात आली. ती कोरियनांनी १९९५ पासून पाडून टाकली. टोकियोत महिनाभर मी जपान्यांच्या शिस्तीची मुक्तकंठाने वाखाणणी केली होती. त्या अंगणात उभा असताना ती मला जरा जपून करावीशी वाटली.

दुपारी ग्वांगजांग बाजारात गेलो. हा बाजार १९०५ सालापासूनचा. तेथे बायका भिजवलेले मूग जात्यावर वाटून, तव्यावर तेलाच्या धारेत जाड धिरडी तळतात. त्यास ‘बिन्देत्तोक’ म्हणतात. आम्ही शाकाहारी, कित्येक ठिकाणी त्यात मांस घालतात हे ठाऊक असल्यामुळे हातवारे करकरून नुसते मुगाचे मागविले. चव आपल्या मुगाच्या धिरड्याचीच, फक्त तेल पाहून आमच्या वैद्यांना चक्कर आली असती. ठसका लागला तेव्हा मी पाण्यासाठी खुणा करीत होतो. इतक्यात सौ. त्या बाईंकडे वळून स्वच्छ म्हणाली, “मुल!” आणि बाईंनी हसत पाण्याचा पेला पुढे केला.

मी थक्क झालो. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मला या बाईचे कोरियन भाषेचे ज्ञान कळले नव्हते! विचारले तर म्हणाली, “अण्णा पाण्याला मुल म्हणायचे. लहानपणी आम्हा भावंडांना वाटे, तो त्यांचा खेळ आहे.”

अण्णा म्हणजे माझे कैलासवासी सासरे. ते सैन्यात कारकून होते आणि कोरियात जाऊन आले होते एवढे मला ठाऊक होते, त्यापलीकडे मी कधी चौकशी केली नव्हती. त्या रात्री हॉटेलात सौ.ने पिशवीतून एक कागद काढला. तिने मुलाकडून रविवारच्या सीमादर्शनाच्या मोटारीत दोन जागा टोकियोतच राखून ठेवल्या होत्या.

मला राग आला, हे आपणांपासून लपवीत नाही. माझे पितृमंदिर गेले, दुसरा राजवाडा गेला. मी म्हणालो, “काटेरी तारा आणि दुर्बिणी पाहायला कुणी एवढ्या लांब येतं का?” ती म्हणाली, “तुम्ही राजवाडे पाहा. मी एकटी जाऊन येईन.” मग बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर तिने सांगितले ते मी आपल्यापुढे ठेवतो. इतिहासाचा भाग मी पुढे वाचून पडताळून घेतला आहे.

कोरियाचे युद्ध २५ जून १९५० रोजी सुरू झाले आणि २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. त्या अवधीत हे सोल शहर चार वेळा या हातातून त्या हातात गेले. युद्धविरामानंतर एक विलक्षण प्रश्न उरला. दक्षिणेच्या बाजूस असलेल्या चिनी व उत्तर कोरियन कैद्यांपैकी बावीस हजारांहून अधिक जण मायदेशी परतावयास राजी नव्हते. त्यांची व्यवस्था पाच तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे सोपविण्यात आली. आयोगाचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या, आणि कैद्यांच्या रक्षणासाठी पाठविलेल्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतावर इतका रोष, की भारतीय सैनिकांचे पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही असे त्यांनी जाहीर केले. म्हणून आपल्या जवानांना इंचॉनच्या बंदरात बोटीवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट दोन्ही सैन्यांमधील निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. तेथे त्यांनी आपला तळ ठोकला आणि त्यास नाव दिले ‘हिंद नगर’. अण्णा तेविसाव्या वर्षी त्या तळावर कैद्यांच्या याद्या लिहीत होते. सप्टेंबर ते फेब्रुवारी, शाई गोठविणाऱ्या थंडीत. सोल तेथून सुमारे पन्नास किलोमीटर; त्यांनी ते कधी पाहिले नाही.

कैद्यास एका तंबूत आणीत. तेथे त्याच्या देशाचा अधिकारी त्याला परत येण्याविषयी समजावून सांगे. तंबूला बाहेर पडण्याची दोन दारे: एक घरी जाण्याचे, दुसरे न जाण्याचे. बहुतेक कैदी आरडाओरडा करीत दुसऱ्या दाराने निघून जात. अण्णांनी घरी एवढीच एक हकीकत सांगितली होती की, एक कोवळा पोर दोन्ही दारांच्या मध्ये खाली बसला आणि त्याने पाणी मागितले. पुढे तो कोणत्या दाराने गेला हे मुलांनी कितीदा विचारले, तरी अण्णांनी सांगितले नाही. अठ्ठ्याऐंशी कैद्यांनी मात्र दोन्ही दारे नाकारून तिसराच देश मागितला आणि ते १९५४ च्या फेब्रुवारीत आपल्या दलाबरोबर हिंदुस्थानात आले.

सौ. म्हणाली, “मॅट्रिकनंतर आत्याने स्थळ आणलं होतं. अण्णांनी मला समोर बसवून विचारलं, कॉलेज की लग्न, कोणत्या दाराने जायचं ते तू सांग. त्या काळी मुलीला कोण विचारत होतं हो?”

मला माझे वेळापत्रक आठवले. सकाळी मी मुकाट्याने मोटारीत जाऊन बसलो.

वाटेत मुन्सान लागते. मार्च १९५१ मध्ये तेथे अमेरिकन सैनिकांबरोबर भारतीय वैद्यकीय पथकाच्या तुकडीने विमानातून उड्या घेतल्या होत्या. पथकाचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रंगराज. पुढे इम्जिनगाक येथे नदीकाठी एक लाकडी पूल आहे, त्यावरून १९५३ साली सुटलेले कैदी दक्षिणेस आले. जवळच एक दगडी वेदी आहे. ज्यांची घरे उत्तरेस राहिली ते लोक नववर्षाला आणि सुगीच्या सणाला येथे येऊन, उत्तरेकडे तोंड करून पितरांना वंदन करतात. आम्ही गेलो त्या दिवशी सण नव्हता, तरीही एक अतिवृद्ध गृहस्थ मुलीच्या आधाराने गुडघे टेकीत होते. सौ. त्यांचे होईपर्यंत बाजूला उभी राहिली आणि मग तिने पायांतील वहाणा काढून नमस्कार केला.

त्यापुढे सैनिकाने मोटारीत चढून प्रत्येकाचे पारपत्र पाहिले. डोरा नावाच्या टेकडीवरील वेधगृहातून दुर्बिणीने पलीकडची शेते, उत्तरेचा प्रचंड ध्वजस्तंभ आणि धुक्यात केसोंग शहर दिसले. हिंद नगर कोठे होते ते सांगणारे मात्र कोणी नव्हते. आमच्याबरोबरच्या वाटाड्या मुलीला विचारले. पंचविशीची, हुशार मुलगी. तिने हे नाव कधीच ऐकले नव्हते. येथे भारतीय सैनिक होते याचेच तिला नवल वाटले. सौ.ने मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला सर्व सांगितले, तंबू, दोन दारे, पाणी मागणारा पोर. मी मध्ये बोललो नाही. माझ्या बाबतीत ही गोष्ट दुर्मिळच. मुलीने आपल्या वहीत काही लिहून घेतले, आणि मग तेच दुसऱ्या पानावर लिहून ते पान फाडून सौ.च्या हाती दिले.

सौ.ने ते माझ्यापुढे धरले. “वाचा. कालपासून शिकताय ना?”

मी अक्षरे लावली. हिन्-द. ना-गा-र. त्यांच्या लिपीत ‘हिंद नगर’ असेच लिहावे लागते.

ते पान आता अण्णांच्या सैन्यातील सेवापुस्तकात ठेवलेले असते. आज मी ते बरोबर आणले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर सौ.कडे मागावे; ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. चहा तयार असल्याचे चिटणीस केव्हापासून खुणावीत आहेत, तेव्हा मी आपली रजा घेतो.