विणकराचे घर आणि तारणाचा कागद

(वाराणसी येथे विणकरांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मदनपुरा, अलईपुरा, लल्लापुरा, बजरडीहा या वस्त्यांत विणकराचे घर म्हणजे केवळ निवारा नव्हे. तळमजल्यावर खड्ड्यात बसविलेला हातमाग, शेजारी चूल, वर निजण्याची जागा, आणि कोपऱ्यात कांड्या भरणाऱ्या स्त्रिया. घर आणि कारखाना एकाच भिंतीआड नांदतात. म्हणूनच घरावर जप्ती आली की कुटुंब एकाच दिवशी बेघरही होते आणि बेकारही. घर वाचविण्याचा प्रश्न हा येथे खाजगी मालमत्तेचा प्रश्न नसून श्रमाच्या साधनाचा प्रश्न आहे.

एंगल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिले आणि १८८७ च्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत जर्मनीतील घरगुती उद्योगांचे उदाहरण दिले. स्वतःचे घर आणि बाग असलेला कारागीर जागा सोडून जाऊ शकत नाही. मालक हे जाणतो आणि मजुरी तेवढी खाली ओढतो. बनारसमध्ये हेच दिसते. गद्दीदार व्यापारी आणि गिरहस्त यांच्या साखळीत माग, जागा, वीज आणि कुटुंबाचे श्रम विणकराचे; बाजार मात्र त्यांचा. मजुरी उशिरा मिळते, साडीत खोट काढून ती कापली जाते, आणि मधल्या काळात उचल घ्यावी लागते. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील संख्यात्मक निर्बंध संपले. त्यानंतर चिनी रेशमी कापडाची आणि सुरतच्या यंत्रमागांची स्पर्धा वाढली, तशी ही उचल साचत गेली. अनेक माग थांबले. कर्ज मात्र थांबले नाही. हे कर्ज उधळपट्टीचे नाही, ते थकलेल्या आणि कापलेल्या मजुरीचे दुसरे नाव आहे.

मग कायदा काय सांगतो? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत कारागिराची अवजारे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने शेतकऱ्याबरोबर मजूर आणि घरगुती नोकर यांच्या राहत्या घरालाही हे संरक्षण मिळाले. ‘मजूर’ या शब्दात कुशल मजूरही येतो, असे स्पष्टीकरण त्याच कलमात आहे. म्हणून गिरहस्तासाठी मजुरीवर विणणाऱ्याला हा हक्क न्यायालयात सांगता येतो. ‘हे संरक्षण मला नको’ असे सावकाराने लिहून घेतले तरी तो करार निरर्थक ठरतो, हेही त्याच दुरुस्तीने सांगितले. पण हरकत लिलावापूर्वी घ्यावी लागते, आणि आपण मजुरीवर जगतो हे पुराव्याने दाखवावे लागते. विणकर ओळखपत्र आणि मजुरीची वही यांचे मोल तेव्हाच कळते.

या भिंतीला एक भगदाड आहे, आणि ते जुने आहे. मराठी वाचकाला सुपे ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील त्या गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. दंगा पसरला आणि ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता हुकूमनाम्यात विकता येणार नाही असे त्याने ठरविले. मात्र ती कर्जापोटी खास गहाण टाकलेली नसेल तरच! साध्या रोख्याऐवजी गहाणखत लिहून घेण्याची वाट सावकाराला मोकळी राहिली. २००२ च्या सरफेसी कायद्यात हीच खुबी दिसते. कलम ६० ने वाचविलेल्या मालमत्तेला तो हात लावत नाही, पण खास तारण दिलेली मालमत्ता त्यातून वगळतो. अशा घराचा ताबा बँक दिवाणी न्यायालयात न जाताच, साठ दिवसांच्या नोटिशीनंतर घेऊ शकते. मोठ्या कंपनीच्या भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती. विणकराची जबाबदारी मात्र उंबरठ्यापर्यंत!

हे भगदाड बुजविता येते. १९४८ साली संयुक्त प्रांताच्या कायदेमंडळाने संहितेत दुरुस्ती करून शेतकऱ्याचे घर गहाणाच्या हुकूमनाम्याखालीही विकण्यास मनाई केली होती. कायदा कोणत्या वर्गाच्या दडपणाखाली लिहिला जातो, हाच खरा प्रश्न आहे.

दुसरा सापळा खरेदीखताचा. सावकार कर्ज देतो पण कागद विक्रीचा करतो, आणि घर परत देण्याचे वचन वेगळ्या कागदावर किंवा नुसते तोंडी राहते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याला १९२९ साली जोडलेल्या तरतुदीप्रमाणे परतीची अट त्याच दस्तऐवजात नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. कोऱ्या मुद्रांकावर उमटविलेला अंगठा म्हणजे उद्याचे बेघरपण.

तिसरी गोष्ट वारसांची. विणकरांची बहुतेक घरे वडिलोपार्जित आणि न वाटलेली आहेत. एका भावाच्या कर्जात त्याचाच हिस्सा जातो. इतर भावांचा, आईचा आणि बहिणींचा जात नाही. बाहेरच्या माणसाने तो हिस्सा घेतला तरी अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात एकत्र ताब्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वाटणी कायद्याने कुटुंबाला तो हिस्सा मूल्यांकनाच्या किमतीत विकत घेण्याचा हक्क दिला आहे. बहिणीचे नाव कागदावर ठेवणे हा न्याय तर आहेच, पण तो घराचा पहाराही आहे.

यातून काम ठरते. प्रत्येक मोहल्ल्यात दोन-तीन कार्यकर्त्यांनी सही होण्यापूर्वी कागद वाचून दाखविण्याची जबाबदारी घ्यावी. बँकेची साठ दिवसांची नोटीस आली तर त्याच आठवड्यात लेखी हरकत पाठवावी. तिला उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. ताब्याची कारवाई झाली तर पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. ती मुदत एका दिवसानेही चुकवू नये. मजुरीच्या वह्या लिहिल्या जाव्यात. घर तारण न मागणाऱ्या कर्जासाठी आणि खऱ्या विणकरांच्या हाती असलेल्या सहकारी संस्थांसाठी लढा द्यावा.

केवळ वकिली डावपेचांनी हा प्रश्न सुटेल असा भ्रम कोणी बाळगू नये. न्यायालयातील हरकत आजचे घर वाचवील. उद्याचे घर पुरेशी आणि वेळेवर मिळणारी मजुरीच वाचवील. पण आजचे घर गमावलेला विणकर उद्याच्या लढ्यात मागाशिवाय, मोहल्ल्याशिवाय आणि एकटा उभा राहतो. म्हणून घराचा लढा आणि मजुरीचा लढा एकच आहे, आणि दोन्हींची सुरुवात कागदावर अंगठा उमटण्यापूर्वी झाली पाहिजे.