पुन्हा मे महिन्यातला उरूस

(१९८२ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, रविवार, ११ मे २०१४ रोजी केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आठवणीतलं मिरज’ हा विषय दिलाय आणि वेळ दिलाय सात मिनिटांचा. आठवणी तर सकाळपासून सगळेच काढताहेत. म्हणून मी जरा पुढचं बोलते. येत्या शुक्रवारी निवडणुकीचा निकाल आहे. तो लागला की पुढच्या दहा-बारा दिवसांत आपल्या मीरासाहेबांचा उरूस आहे. मला सध्या वेध लागलेत ते त्याचे.

आपले गणिताचे सर पुढेच बसलेत, तेव्हा हिशेब नीट मांडते. उरूस असतो रजब महिन्यात. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे उरूस दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. आपल्या पंचांगासारखा त्यात अधिकमास नाही. असा सरकत सरकत तो थंडीत जातो, पावसाळ्यात जातो आणि सुमारे ३२ वर्षांनी मूळ जागी येतो. आपली दहावीची परीक्षा मार्च १९८२ मध्ये संपली, निकाल जूनमध्ये लागायचा होता आणि मधल्या मे महिन्यात उरूस आला होता. १९८२ मध्ये ३२ मिळवा. २०१४. सर, बरोबर ना?

मिरजकरांना उरूस म्हणजे काय ते सांगायला नको. पहाटे चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ, मग दिवसभर गर्दी, पाळणे, बांगड्यांची दुकानं. आणि रात्री गाणं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ दर्ग्याच्या आवारात ज्या चिंचेखाली बसून गायचे, तिथेच त्यांच्या स्मृतीची सभा होते. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या किराण्याचे. १९३७ मध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेत मद्रासजवळच्या एका लहानशा स्टेशनवर ते गेले, पण त्यांना आणलं मिरजेला आणि दफन केलं याच दर्ग्यात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई आणि भीमसेनजी. त्यामुळे किराणा घराण्याचे लोक इथे कार्यक्रम करायला येत नाहीत, हजेरी लावायला येतात. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटांसाठी रांगा लागतात; इथे तिकीट नाही, सतरंजीवर जागा मिळाली की बसायचं.

पण उन्हाळ्यातला उरूस वेगळा असायचा, आणि तो का ते आपल्या पिढीलाच नीट ठाऊक आहे. मे महिन्यात सगळं गाव गच्चीवर झोपायचं. थंडीतला उरूस आला की दारं-खिडक्या बंद, मग ज्याला आवड तो जाणार. मे महिन्यात मात्र कर्ण्यातून येणारं गाणं अंथरुणापर्यंत यायचं. आवड असो-नसो, ऐकावंच लागायचं. माझ्या आजीला रागाचं नाव एकही ठाऊक नव्हतं, पण मध्येच उठून ती म्हणायची, “हा आधीच्यापेक्षा बरा गातोय.”

उकाड्यात वाद्यं लावायला वेळ लागायचा, तेही गच्चीवर ऐकू यायचं. उष्म्यानं तंबोऱ्याच्या तारा उतरतात, कोरड्या हवेत तबला चढतो, दोघांना एका जागी आणायचं म्हणजे खटपटच. सतारमेकर गल्लीतला आपला वर्गमित्र मागे बसलाय. त्याच्या गल्लीचा धंदा शिकलगारांनी सुरू केला. तलवारींना धार लावणाऱ्या फरीदसाहेबांनी १८५० च्या सुमाराला भोपळा हाती घेतला, आणि आज हिंदुस्थानातला कुठला मोठा गवई मिरजेच्या तंबोऱ्याशिवाय बसतो? तर हा मित्र शाळेत असताना कर्ण्यातून नुसतं टणटण ऐकून सांगायचा, “पंचम अजून लागला नाही.” आम्हाला काही कळायचं नाही, पण आम्ही मान हलवायचो.

मुलांनो, तुम्ही तिथे सतरंजीवर होतात. आम्ही मुली गच्चीवर होतो. हिराबाई बडोदेकर याच मिरजेत जन्मल्या. बायकांनी चारचौघांत, तिकीट लावून, बैठक मारून गाण्याची वाट ज्यांनी पाडली त्यांत त्या पहिल्या. त्यांच्याच गावात आम्हाला रात्री नऊला घरी यावं लागायचं. कुणाचा दोष म्हणून सांगत नाही, रीतच तशी होती. दुसऱ्या दिवशी पाणी भरताना एकमेकींना विचारायचो, “शेवटचं ऐकलंस का गं?” पुढे लग्न झालं, ठाण्याला गेले. उरूस कधी मुलांच्या परीक्षेत आला, कधी ऐन पावसात, कधी ऑफिसच्या मार्चअखेरीला. मिरजेची असून मी ती सभा समोर बसून एकदाही ऐकलेली नाही.

२००९ च्या गणेशोत्सवात इथे दंगल झाली तेव्हा मला ऑफिसात विचारायचे, “तुमच्या गावात असंच चालतं का?” मी चिंचेच्या झाडाचं सांगायचे, चर्मकारांच्या गलेफाचं सांगायचे. कुणाला पटायचं, कुणाला नाही. दंगलही आपल्याच गावात झाली, तेही नाकारून चालणार नाही. पण नुसतं सांगण्यापेक्षा जाऊन बसावं, असं तेव्हापासून मनात आहे. गावाची चांगली रीत टिकते ती तिथे बसणाऱ्या माणसांवर.

शिवाय आता गच्चीवरून ऐकायची सोय राहिलेली नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री १० नंतर कर्णे बंद झाले, सवलत मिळाली तरी मोजक्या दिवसांची. नियम चांगलाच आहे. दवाखान्यांच्या या गावाला तर हवाच. पण आता गाणं घरी चालत येणार नाही, आपण उठून जायला हवं.

शेवटचा हिशेब सांगते. अजून दोन वर्षं उरूस मे महिन्यात राहील. मग एप्रिल, मार्च करत तो थंडीत जाईल. मेअखेरीला तो परत येईल २०४६ च्या सुमाराला. तेव्हा आपण ऐंशीचे असू. आपले सर आणि बाई आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. हे वाईट वाटावं म्हणून सांगत नाही, तारीख ठरवावी म्हणून सांगतेय.

मी रजा टाकलीये. भैरवी होईपर्यंत उठणार नाही. आईचं घर दर्ग्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे, गच्ची मोठी आहे, आई चादरी धुऊन बसलीये. मैत्रिणींनो, नवरे-मुलं आपापलं जेवण बघतील, तुम्ही या. मुंबईकरांना महालक्ष्मी एक्सप्रेस आहे. बाई, तुमच्यासाठी पाठ टेकायला खुर्ची मी स्वतः उचलून आणीन. ज्यांना यायचंय त्यांनी आज जेवणाच्या वेळी माझ्याकडे नाव द्या. आत्तापर्यंत सहा झालीत.