शेजाऱ्याला ओळख सांगणारी पेटी

नागपुरात सदरच्या रेसिडेन्सी रोडवर कुठल्याही बँकेत, दवाखान्यात किंवा ऑफिसात जा, कोपऱ्यात एक पेटी टांगलेली दिसेल. हिरवे दिवे लुकलुकताहेत, वायरींचं जंजाळ लोंबतंय. तो स्विच. पंख्याच्या बटनाशी त्याचं नातं नावापुरतं. इमारतीतले संगणक, फोन, कॅमेरे त्याच्यामार्फत एकमेकांशी बोलतात. अशा पेट्यांची देखभाल हाच माझा व्यवसाय.

स्विच आधी नुसता ऐकतो. प्रत्येक उपकरणाला 48 बिटांचा एक पत्ता असतो. कुठल्या पत्त्याचा संदेश कुठल्या भोकातून, म्हणजे पोर्टमधून, आत आला हे तो टिपून ठेवतो. सहसा पाच मिनिटं तिकडून काही आलं नाही की नोंद पुसतो. अनोळखी पत्त्यावरचा संदेश सगळ्याच पोर्टांवर सोडतो. नव्या पोस्टमनने गल्लीत उभं राहून हाक मारावी तसा. काम चालतं, पण पलीकडे फोन आहे, कॅमेरा आहे की दुसरा स्विच, हे यातून कळत नाही.

त्यासाठी सिस्को कंपनीने 1990च्या दशकात आपल्या यंत्रांपुरती एक रीत काढली. इतरांनीही आपापल्या काढल्या आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. अखेर 2005 मध्ये आयईईई या संस्थेने सर्वांसाठी एक रीत ठरवली, तिचं नाव एलएलडीपी. साधारण दर 30 सेकंदांनी स्विच पोर्टावर चिठ्ठी टाकतो : मी अमुक, या पोर्टावरून बोलतोय, ही कामं करतो, माझं म्हणणं 120 सेकंद खरं धरा. तेवढ्यात नवी चिठ्ठी आली नाही, तर शेजारी त्याचं नाव खोडतो. आणि ही चिठ्ठी पुढे धाडायची नाही, असा नियम आहे. म्हणजे पाठवणारा सख्खा शेजारीच.

सदरमधल्याच एका दवाखान्यात याचा उपयोग झाला. तीन मजले, वायरी टाकणारा ठेकेदार केव्हाच गेलेला, लेबल एकावरही नाही. एक स्विच तापून बंद पडायच्या बेतात होता आणि त्यावर काय काय चालतंय हे कुणालाच सांगता येईना. ‘‘एकेक वायर काढून पाहा ना भाऊ,’’ व्यवस्थापक म्हणाले. पण त्यातली एखादी अतिदक्षता विभागातली असली तर? आम्ही मुख्य स्विचला त्याच्या शेजाऱ्यांची यादी विचारली, मग त्या शेजाऱ्यांना त्यांची. एकही वायर न उपटता नकाशा कागदावर उतरला. एका जागी मात्र दोन स्विच स्वतःला शेजारी म्हणवत होते आणि अंतर काही जुळेना. शोधलं तर फॉल्स सीलिंगवर एक स्वस्तातला स्विच बसलेला! असे काही स्विच नियम न पाळता चिठ्ठी तशीच पुढे ढकलतात.

2006 मध्ये या रीतीत टेलिफोनची भर पडली. स्विच फोनला सांगतो, तुझं बोलणं या वेगळ्या वाटेने पाठव. फोन कुठल्या खोलीत आहे हेही सांगता येतं. आणीबाणीच्या कॉलला ते मोलाचं. वायरीतूनच वीज घेणारे कॅमेरे आपल्याला किती वॅट लागतात, हेही याच चिठ्ठीतून कळवू शकतात.

पण ही चिठ्ठी वाचणारा कोण, याची खातरजमा कुणी करत नाही. लिहिणाऱ्याचीही नाही. लॅपटॉप जोडून बसलेल्या परक्यालाही स्विचचं नाव, बनावट, कधी आवृत्तीही फुकटात मिळते. 2020 मध्ये सिस्कोच्या त्या जुन्या रीतीत पाच गंभीर त्रुटी जाहीर झाल्या. मुद्दाम बिघडवलेली चिठ्ठी पाठवून फोन-कॅमेऱ्यांवर ताबा मिळवता येत होता. कंपनीला दुरुस्त्या द्याव्या लागल्या.

त्या दवाखान्यात रुग्णांचे नातेवाईक बसतात तिथल्या पोर्टांवर आम्ही चिठ्ठ्या बंद केल्या. रिसेप्शनच्या पोर्टावर चालू ठेवल्या, कारण त्याशिवाय तिथल्या फोनला आपली वाट सापडेना.