जुन्या संगणकावर नवी माडी

जुना वाडा दुरुस्त करणारा अनुभवी गवंडी माडी चढविण्यापूर्वीं पाया उकरून पाहतो. भिंत किती भार सोसेल हें कळल्यावांचून तो मालकास वीटही आणूं देत नाहीं. नाशिकसारख्या शहरांतील कित्येक घरांत आज जो एक वाद चालू असतो, त्याला हाच न्याय लागू पडतो. सात-आठ वर्षांपूर्वीं घेतलेला किंवा एखाद्या कचेरीनें काढून टाकलेला ब्रँडेड संगणक घरांत असतो. पत्रें, हिशेब व अभ्यास यांना तो पुरतो. परंतु मुलानें त्यावर आधुनिक खेळ सुरू केला, कीं चित्र अडखळतें, पंखा घोंघावूं लागतो आणि नव्या संगणकाची मागणी पुढें येते. वडिलांस ती उधळपट्टी वाटते. मुलास वडिलांचा नकार कंजूषपणाचा वाटतो. वास्तविक या दोहोंमध्यें एक तिसरा मार्ग आहे. जुनेंच यंत्र माफक खर्चांत सुधारून घेतां येतें. मात्र त्यांतील खरी बचत खरेदीपूर्वींच्या तपासणींत आहे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या कचेऱ्यांत किंवा बँकांत डेल, एचपी, लेनोव्हो यांचीं जीं यंत्रें दिसतात, तीं खेळासाठीं घडविलेलीं नसतात. त्यांना वीज पुरविणारी पेटी, म्हणजे बाजारांत ज्याला एसएमपीएस म्हणतात तो भाग, पुष्कळदां २४० ते २९० वॅटांचाच असतो. अनेक नमुन्यांत त्याचा मदरबोर्डास जोडणारा खटका कंपनीच्या स्वतःच्या घाटाचा असतो. त्यामुळें बाजारांतील साधा एसएमपीएस तेथें सरळ बसत नाहीं. कांहीं कॅबिनेटें इतकीं अरुंद असतात, कीं नेहमीच्या उंचीचें ग्राफिक्स कार्ड त्यांत मावत नाहीं. म्हणून प्रथम झांकण उघडावें, एसएमपीएसवरील आंकडे वाचावे, मोकळी जागा पट्टीनें मोजावी आणि हें सारें कागदावर लिहून काढावें.

दुसरा प्रश्न असा, कीं यंत्र नेमकें कोठें कमी पडतें? खेळ चालू असतांना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर याचें उत्तर फुकट मिळतें. ग्राफिक्सचा आंकडा शंभर टक्क्यांना टेकला असेल, तर उणीव ग्राफिक्सची समजावी. प्रोसेसर शंभरावर आणि ग्राफिक्स निवांत असेल, तर महागडें कार्ड आणूनही खेळ फारसा सुधारणार नाहीं. हें न पाहतां केलेली खरेदी म्हणजे रोग न ओळखतां घेतलेलें औषध होय.

खर्चाचाही एक क्रम आहे. सर्वांआधीं धूळ झाडावी व प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी; उन्हाळ्यांत तापलेलें यंत्र स्वसंरक्षणार्थ आपली गति आपणच कमी करतें. जुनी फिरती हार्ड डिस्क असल्यास तिच्याऐवजीं एसएसडी घ्यावी. तिनें चित्रांची गति वाढत नाहीं. परंतु संगणक व खेळ उघडण्यास लागणारा वेळ पुष्कळ वांचतो. त्यानंतर रॅम. आजच्या बहुतेक खेळांना १६ जीबी सोयीची पडते, आणि एका मोठ्या पट्टीपेक्षां सारख्या दोन पट्ट्या जोडीनें बसविणें हितावह असतें. डीडीआर ३ व डीडीआर ४ या पट्ट्या एकमेकींच्या जागीं बसत नाहींत, हें दुकानांत जाण्यापूर्वींच ध्यानांत ठेवावें. २०२५ च्या अखेरीस नव्या रॅमचे भाव फार चढले. म्हणून जुन्या पट्ट्यांचीही चौकशी करावी.

आतां ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्डावरील खोबणींतून कार्डास जास्तींत जास्त ७५ वॅट मिळूं शकतात. एवढ्यांत भागणारें कार्ड घेतल्यास सहसा एसएमपीएस बदलावा लागत नाहीं. २०१९ सालीं निघालेलें एनव्हिडियाचें जीटीएक्स १६५० या वर्गांतलें. मात्र त्याच्या कांहीं नमुन्यांना वेगळी वीज लागते, तें पाहून घ्यावें. २०२२ चें एएमडीचें आरएक्स ६४०० हें ५३ वॅटांवर चालतें. पण जुन्या मदरबोर्डावर त्याची गति कांहींशी घटते. महात्मा गांधी रस्त्यावर असो वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो, सेकंडहँड कार्ड घेतांना तें दुकानांतच अर्धा तास खेळ चालवून पारखावें. एसएमपीएस बदलणें भागच असेल, तर निनांवी स्वस्त माल कटाक्षानें टाळावा. तो जळतांना एकटा जात नाहीं. सोबत मदरबोर्ड व नवें कार्डही नेतो, आणि महिन्याच्या मिळकतींतून बाजूला काढलेला पैसा एका क्षणांत मातीस मिळतो.

प्रोसेसर बदलतांना पिढी पाहावी. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या मदरबोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाहीं. खोबणीचें एलजीए ११५१ हें नांव सारखें असल्यानें येथें अनेकजण फसतात. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० व इंटेलची निदान आठवी पिढी लागते. लिनक्सवर बरेच खेळ उत्तम चालतात. परंतु व्हॅलोरंटसारखे कांहीं चालत नाहींत. मुलाचा आवडता खेळच त्यांपैकीं असेल, तर जुन्या यंत्रावर एक रुपयाही घालण्यापूर्वीं विचार करावा.

मग थांबावें कोठें? सुधारणेचा खर्च नव्या साध्या संगणकाच्या निम्म्यावर जाऊं लागला, कीं तेथेंच हात आखडावा आणि पैसा पुढील यंत्रासाठीं सांठवावा. खेळांची निवडही यंत्राच्या कुवतीप्रमाणें करतां येते. संगणकावर २०१५ सालीं आलेला जीटीए ५ अजूनही आवडीनें खेळला जातो. आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनें २०२० सालीं काढलेला ‘राजी’ हा खेळ तर आपल्याच पुराणकथांच्या वातावरणांत घडतो.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हें मुलास शंभरदां सांगून जितकें पटत नाहीं, तितकें एका हिशेबाच्या वहीनें पटतें. पालकांनीं रक्कम ठरवून द्यावी आणि मोजमाप, भावांची चौकशी व निवड मुलाच्या हातीं सोंपवावी. मग नकार किंवा होकार वडिलांना द्यावा लागत नाहीं. वहींतील आंकडेच तो देतात, आणि तो मुलाला पटतो. पंधरा वर्षांच्या मुलानें स्वतः मोजून, पारखून बसविलेलें कार्ड जेव्हां प्रथम चालूं लागतें, तेव्हां त्याला खेळ तर मिळतोच. पण घरांतील पैसा कसा येतो व कसा जपावा लागतो, हेंही त्याच्या ध्यानांत येतें.