संविधानाचा पेपर तपासावा कसा?



बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले. तेथील विद्यार्थी संसदेत मुले वाद घालायला शिकली. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर विज्ञान-वाणिज्याच्या मुलांनाही शाखेबाहेरचे सामान्य विषय आले आहेत. संविधानाचा पेपर दोन श्रेयांकांचा, म्हणजे तीस तासांचा. परीक्षा मात्र अनेक ठिकाणी चार पर्यायांची! कलम १७ पुढे खूण केली की गुण मिळाले.

माझी सूचना साधी आहे. पहिल्या आणि शेवटच्या तासाला एकच प्रश्न द्यावा : पाणवठ्यावर कुणाला जातीवरून अडवले, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार लिहा. दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. फरक नसेल, तर नापास अभ्यासक्रम झाला. आपल्या अभ्यासिकेतील मुलांपासूनच सुरुवात करू. कागद मी तपासीन.