नाव जागेला धरून असावे

(मेडशी येथे अभ्यासिकेच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नाही. वाशीम, मालेगाव आणि मेडशी या तीन ठिकाणचे मिळून तेवीस संगणक चालू ठेवणे एवढेच आमचे काम. कुठे वायर कुरतडली जाते, कुठे लाइन गेली की डबा बंद पडतो, कुठे छपाईयंत्र रुसते. ते पाहणारे आम्ही तिघे-चौघे. आज आपण बोलायला उभे केले, तेव्हा मोठमोठ्या गोष्टी न सांगता आमच्या हातून घडलेली एक चूक आणि त्यातून शिकलेले एक काम या ठिकाणी मांडणार आहोत.

आपले हे संगणक बहुतेक जुने, कचेऱ्यांनी काढून टाकलेले. ते आणल्यावर आम्ही एका यंत्रावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली बसवली आणि तिचीच नक्कल बाकीच्यांत उतरवली. प्रत्येक यंत्राला हाताने नाव दिले : वसतिगृहातल्यांना वसतिगृह-१, वसतिगृह-२, मेडशीतल्यांना मेडशी-१, मेडशी-२. ही नावे संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांत असतात. तिन्ही जागा एका जाळ्यात जोडल्या, म्हणजे वाशीमला बसून आम्हांला कुठलेही यंत्र नावाने हाक मारून दुरुस्त करता येई.

पुढे एका उन्हाळ्यात मेडशीतले एक यंत्र जळाले. मुलांचा खोळंबा नको म्हणून मालेगावच्या वसतिगृहातला चार नंबरचा संगणक एसटीने इथे आणला आणि त्या कोपऱ्यातल्या टेबलावर लावला. यंत्र आले, पण त्याचे नाव बदलायचे राहून गेले. वहीत नोंद करायची, तीही राहिली.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी वसतिगृहातून फोन आला, "सर, चार नंबर अडकला, काहीच हलत नाही." तिथे त्या जागेवर दुसरेच यंत्र ठेवलेले होते आणि मुले त्याला चार नंबर म्हणत होती. आम्ही वाशीमहून वसतिगृह-४ या नावाला हुकूम सोडला : बंद हो, पुन्हा सुरू हो. हुकूम बरोबर पोहोचला. पण पोहोचला तो मेडशीत. त्या यंत्रासमोर एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत बसली होती. शेवटचा दिवस होता. सगळी कागदपत्रे चढवून झाली होती, शेवटचे बटन तेवढे दाबायचे होते. पडदा काळा झाला. यंत्र पुन्हा सुरू होईतो गावाची लाइन गेली आणि रात्री बारापर्यंत आली नाही. त्या वर्षी तिचा अर्ज राहिला.

ती आम्हांला काही बोलली नाही. तिच्या आईने एवढेच विचारले, "भाऊ, वाशीमला बसून तुम्हांला आमची पोरगी दिसली नाही का?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्हांला दिसत होते ते फक्त नाव, आणि ते नाव खोटे बोलत होते.

बंधू-भगिनींनो, नावाचा हा घोटाळा आमच्यापुरता नाही. मालेगाव म्हटले की नाशिककडच्या माणसाला त्याचे मालेगाव आठवते आणि आपल्याला आपले. पत्रे अशीच भलत्या गावी जात. म्हणूनच टपाल खात्यात पिनकोडची पद्धत आली. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने ती आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. सहा आकडे. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो आणि शेवटचे तीन आकडे नेमके टपाल कार्यालय दाखवतात. गावाचे नाव कितीही सारखे असो, आकडा जागेशी बांधलेला.

संगणकांच्या जगातही हेच झाले. अमेरिकेत आर्पानेट नावाचे जाळे होते, आजच्या इंटरनेटचे पूर्वज. त्यातल्या सगळ्या यंत्रांची नावे एकाच यादीत असत. ती यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या बाई आणि त्यांचे सहकारी सांभाळत. यंत्रे वाढली, हाताने यादी सांभाळणे अवघड झाले. मग १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची अशी व्यवस्था आखली की ज्याच्या त्याच्या भागाची यादी ज्याने त्याने सांभाळावी. आज आपण मोबाइलवर कुठलेही संकेतस्थळ उघडतो, ते याच व्यवस्थेच्या आधाराने.

डॉन लिब्स नावाच्या जाणकाराने १९९० मध्ये संगणकाला नाव कसे द्यावे यावर एक टिपण लिहिले. त्याचे सांगणे असे की यंत्राला त्याच्या कामाचे किंवा मालकाचे नाव देऊ नये. काम बदलते, मालक बदलतो आणि जुने नाव तसेच चिकटून राहते. कोणी म्हणेल, मग जागेचे नाव तरी कशाला? जागाही बदलतेच की! बरोबर आहे. आमची चूक झाली ती इथेच. जागेचे नाव द्यायचे तर जागा बदलल्याबरोबर नाव बदलले पाहिजे, आणि ते माणसाच्या आठवणीवर सोडता कामा नये. माणूस विसरतो. आम्ही विसरलो.

म्हणून आम्ही शेल स्क्रिप्ट लिहिली. शब्द अवघड वाटतो, गोष्ट सोपी आहे. शेल म्हणजे आपण टंकलेले हुकूम संगणकाला समजावून देणारा दुभाष्या. युनिक्स प्रणालीसाठी तो पहिल्यांदा केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये केला. आपण वापरतो तो बॅश नावाचा शेल ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये लिहिला आणि तो सर्वांना मोफत आहे. आणि स्क्रिप्ट म्हणजे एकामागून एक द्यायच्या हुकुमांचा लिहून ठेवलेला कागद. स्वयंपाकाची कृती लिहून ठेवावी, तसा. यंत्र सुरू झाले की तो कागद आपोआप वाचला जातो.

त्यात काय लिहिले आहे ते सांगतो. तिन्ही जागी जाळ्याची पेटी आहे, तिला राउटर म्हणतात. यंत्र सुरू झाले की ही पेटी त्याला चार आकड्यांचा पत्ता देते. आम्ही असे ठरवले की मेडशीच्या पेटीने दिलेल्या पत्त्यात तिसरा आकडा ११ असावा, मालेगावच्या १२ आणि वाशीमच्या १३. स्क्रिप्ट प्रथम यंत्राला पत्ता मिळेपर्यंत थांबते. मग तिसरा आकडा काढून घेते आणि एका छोट्या तक्त्यात पाहते : ११ म्हणजे मेडशी. ही झाली जागा. यंत्राच्या जाळेकार्डावर कारखान्यातून आलेला एक कायमचा क्रमांक असतो. तो दुसऱ्या तक्त्यात पाहून यंत्राचा आमचा नंबर काढते, १ ते २३ पैकी. तेवीस यंत्रांत एक नंबर एकालाच. जागा पत्त्यावरून, नंबर यंत्रावरून. दोन्ही जोडून नाव तयार : मेडशी-०४.

आता हे नाव आणि आधीचे नाव सारखे असेल तर स्क्रिप्ट गुपचूप बाजूला होते. वेगळे असेल तर नवे नाव बसवते आणि केव्हा बदलले, काय होते, काय झाले, ते वहीसारख्या एका फाइलीत लिहून ठेवते. यंत्र उचलून मालेगावला नेले, सुरू केले, की ते मालेगाव-०४ होते. कोणी फोन करायला नको, कोणी आठवण ठेवायला नको.

यात आम्ही एक नियम कडक ठेवला आहे. पत्ता किंवा क्रमांक तक्त्यात सापडला नाही तर नावाला हात लावायचा नाही. फक्त आम्हांला कळवायचे. जाळेकार्ड जळून नवे बसवले की असे होते. अंदाजाने दिलेले नाव जुन्या नावाइतकेच खोटे. दुसरे, स्क्रिप्ट एकदम सगळीकडे सोडली नाही. आधी आठ दिवस ती फक्त काय बदलणार हे लिहीत होती, बदलत नव्हती. त्यात तेवीसपैकी तीन यंत्रे भलत्याच नावाने वावरताना सापडली. तिसरे, फिरत्या लॅपटॉपला हा नियम लावला नाही. आज इथे, उद्या तिथे, रोज नाव बदलले तर ओळखायचे कसे?

तक्ता करताना आणखी एक गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे. आमच्यातल्याच एका मित्राने एका जागेसमोर त्या वस्तीचे जुने, जातीवरून पडलेले नाव लिहिले. मुद्दाम नव्हे, सगळे तेच म्हणतात म्हणून. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये अशी जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. कागद बदलला, जीभ अजून बदललेली नाही. त्या नावाच्या पत्त्यापायी शाळेत खाली मान घातलेली माणसे आजही या मंडपात बसलेली आहेत. आम्ही तक्त्यातली ती एक ओळ खोडली आणि गावाचे नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागेची सगळी यंत्रे नव्या नावाने उठली. माणसांच्या तोंडी हे व्हायला किती वर्षे लागतील, सांगता येत नाही. पण तक्ता आपल्या हातात होता, तेवढा आम्ही नीट केला. नाव जागा सांगण्यापुरते असावे. तिथे बसणाऱ्याची पायरी सांगण्यासाठी नव्हे.

जिल्ह्याचे नाव मात्र आम्ही नावात घातले नाही. १ जुलै १९९८ पर्यंत हा सारा भाग अकोला जिल्ह्यात होता, त्या दिवशी वाशीम जिल्हा झाला. मेडशी मात्र होती तिथेच आहे.

शेवटी त्या माऊलीच्या प्रश्नाकडे येतो. नाव खरे झाले म्हणजे पोरगी दिसली असे होत नाही. म्हणून आता कुठलेही यंत्र बंद करण्याआधी दुसरा एक हुकूम आधी चालतो : समोर कोणी काम करीत आहे का, पाहा. असेल तर पडद्यावर सूचना द्या आणि फोन करून विचारा. तिथून "हो" आल्याशिवाय यंत्र बंद होत नाही.

त्या मुलीने पुढच्या वर्षी अर्ज भरला, इथेच, त्याच कोपऱ्यातल्या यंत्रावर. आज ते मेडशी-०४ आहे. तिच्या धाकट्या भावाला आम्ही ही स्क्रिप्ट वाचायला शिकवली आहे, आणि तक्त्यातल्या मेडशीच्या ओळी आता तोच सांभाळतो. आपल्यापैकी आणखी ज्यांना शिकायचे असेल त्यांनी दर रविवारी दहा वाजता अभ्यासिकेत यावे. फी नाही. वही आणि पेन तेवढे आणावे.