ओटा, पार, चौथरा आणि पीठ
(विहारातील वर्षावासाच्या सभेत दिलेले भाषण)



ज्या विषयावर मी आज बोलणार आहे, तो वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. जमिनीहून हातभर उंच बांधलेल्या जागेला मराठीत कोणकोणती नावे आहेत आणि ती आपण कशी वापरावीत, एवढाच तो विषय आहे. परंतु ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके त्या हातभर उंचीपासून दूर ठेवण्यात आले, त्यांनी तरी हा विषय क्षुल्लक मानू नये.

ही नावे किती आहेत पाहा. घराच्या दाराशी असतो तो ओटा. वडापिंपळाच्या बुंध्याभोवती दगडांनी बांधून काढतात तो पार. चार कोनांचा आणि चारी बाजूंनी मोकळा तो चौथरा. घर ज्यावर उभे राहते ते जोते. वधूवरांना उभे करतात ते बोहले. पिकाच्या राखणीसाठी शेतात खांबांवर उभारतात तो माळा. शहरात तरुण मंडळी गप्पा मारीत बसतात तो कट्टा. पुराणिक ज्यावर बसून पुराण सांगतो ते व्यासपीठ.

कोशात या शब्दांचे अर्थ दगड, माती आणि लाकूड यांच्या मापाने दिलेले असतात. गावाने मात्र त्यांना आणखी एक अर्थ दिला होता. पार म्हणजे जेथे गाव बसे आणि आपली माणसे खाली जमिनीवर उभी राहत, ती जागा. ओटा म्हणजे ज्याला शिवायचे नाही, अंगणातूनच हाक मारायची, ती जागा. ज्या चावडीचा सांगावा आपले आजे-पणजे ऊन-पाऊस न पाहता पोहोचवीत, त्या चावडीच्या ओट्यावर त्यांना बसता येत नसे. शेतातल्या माळ्यावर चढण्यास तेवढी कोणाची हरकत नसे. कारण वर चढून दुसऱ्याचे पीक राखायचे असे!

म्हणून मी म्हणतो की, उंच जागेचे नाव ऐकताच तिची उंची विचारू नका. तिच्यावर कोणाला चढू देत नाहीत, ते विचारा.

हा प्रश्न जुना झाला, असे कोणी म्हणेल. तो जुना झालेला नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ देत नसत. मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी स्त्रियांच्या मंदिरप्रवेशाच्या हक्काचा निर्वाळा दिला आणि त्यानंतर ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, तो चौथरा स्त्रियांना मोकळा झाला. त्या चौथऱ्यावर कोणता देव आहे, याच्याशी आपणांस कर्तव्य नाही. परंतु माणसाच्या पावलाने दगड विटाळतो, ही कल्पना आपण चांगली ओळखतो. तिच्याच विरुद्ध २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आपल्या हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले. तेथे वर चढायचे नव्हते, पाण्यापर्यंत खाली उतरायचे होते. पण तेही मना होते! यावरून दिसते की, प्रश्न उंचीचा नसून माणुसकीचा आहे.

मग उंच आसन मुळातच वाईट काय? धम्माने याचे उत्तर दिले आहे. छवक जातकाची कथा आपणांपैकी काहींनी ऐकली असेल. ती बोधकथा म्हणून ऐका. एक चांडाळ आपल्या पत्नीसाठी आंबे आणावयास राजाच्या बागेत शिरून झाडावर चढला. झाडाखाली राजा उंच आसनावर बसून विद्या शिकत होता आणि त्याला शिकविणारा ब्राह्मण खाली बसला होता. चांडाळ झाडावरून उतरला आणि दोघांनाही म्हणाला की, तुमचे हे वागणे धर्माला सोडून आहे. शिकणाऱ्याने वर आणि शिकविणाऱ्याने खाली बसणे, हा विद्येचा अपमान होय. त्या कथेत तो चांडाळ म्हणजेच बोधिसत्त्व. विनयातही नियम आहे की, निरोगी माणूस उंच आसनावर बसला असता भिक्षूने खाली बसून त्याला धम्म सांगू नये. म्हणजे उंची आहे ती धम्माची. सांगणाऱ्याच्या जातीची किंवा ऐकणाऱ्याच्या सत्तेची नव्हे. अष्टशीलात तर उंच व मोठ्या आसनांचा त्यागच सांगितला आहे. आणि उपाली न्हावी शाक्य कुमारांच्या आधी संघात घेतला गेला, तो त्या कुमारांनी त्याला वंदन करावे आणि त्यांचा कुलाभिमान गळून पडावा म्हणून.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. व्यासपीठ हा शब्द आपल्या निमंत्रणपत्रिकांतून सर्रास छापला जातो. हे पुराणिकाचे आसन. त्यावरून सांगितलेले निमूटपणे ऐकायचे असते. म्हणून आपल्या चळवळीतील अनेकांनी विचारपीठ हा शब्द पसंत केला आणि तो रूढही झाला. तो अवश्य वापरा. पण एक सांगतो, राग मानू नका. पत्रिकेवर विचारपीठ छापायचे, त्यावर तेच ते पाच पुरुष हार घालून बसायचे आणि ज्या भगिनींनी पहाटे उठून सभेसाठी स्वयंपाक केला त्यांनी खाली सतरंजीच्या शेवटच्या टोकाला बसायचे, असे होणार असेल, तर आपण पाटी बदलली, पार तोच ठेवला! विचारपीठ त्यालाच म्हणावे, जेथे ऐकणाराला प्रश्न विचारता येतो आणि वर बसलेल्याला उत्तर द्यावे लागते.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. पुढच्या पौर्णिमेच्या सभेत एका मुलीला वर बोलवा आणि तिला दोन शब्द बोलू द्या. तिचे पाय थरथरतील. थरथरू द्यात. तिच्या पणजीला पाराजवळ चप्पल हातात घेऊन जावे लागत होते, हे तिला सांगा. म्हणजे ती हातभर उंची किती आहे, हे तिला कळेल. विद्यापीठ आणि न्यायपीठ हीदेखील पीठेच आहेत. तेथवर पोहोचण्याची पहिली पायरी आपल्या विहाराच्या ओट्याला असली पाहिजे.

शेवटी एकच गोष्ट ध्यानात आणून देतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जेथे बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला आणि लाखो लोकांना दिला, त्या जागेला आपण काय म्हणतो? दीक्षाभूमी. दादरला त्यांच्या देहावर जेथे अंत्यसंस्कार झाले, तिला काय म्हणतो? चैत्यभूमी. आपल्या सर्वांत थोर जागांना आपण पीठ म्हटले नाही, गादी म्हटले नाही, भूमी म्हटले. भूमीवर वर कोणी नसतो आणि खालीही कोणी नसतो. ओट्यावर चढताना आणि ओट्यावरून उतरताना हे विसरू नका.

जयभीम!